नळ्या साफ करायचं औषध

पोट पुढे आणि माणूस मागे, अशी आमच्या ह्यांची गावात ओळख होती. चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग. मोटारसायकलवरून बांधापर्यंत जायचं, बांधावर बसून गड्यांना हाका मारायच्या आणि दमून घरी यायचं, ही त्यांची शेती. एकोणीसशे नव्वदच्या आसपास ओट्याच्या पायऱ्या चढताना त्यांची छाती भरून यायला लागली, तेव्हा मी त्यांना जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, "वजन फार वाढलंय. त्यानं रक्ताच्या नळ्या कडक होतात. तेल कमी करा आणि रोज चाला."

तेल आणि चालणं ह्यांच्या डोक्यावरून गेलं. नळ्या मात्र डोक्यात बसल्या, कारण त्या वर्षी आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. बागेत नवीन ठिबक सिंचन घातलं होतं. विहिरीचं पाणी जड, त्यातला क्षार नळ्यांत धरायचा आणि तोट्या बंद पडायच्या. मग नळ्यांत ॲसिड सोडायचं, एक दिवस तसंच राहू द्यायचं, दुसऱ्या दिवशी धुऊन काढायचं. क्षाराची फार काळजी करायची नाही, ॲसिड घरात पाहिजे, असं हे सगळ्यांना सांगत.

त्यातच धुळ्याच्या नणंदेचा मुलगा अमेरिकेहून आला. येताना त्यानं मामासाठी गोळ्यांची बाटली आणली. म्हणाला, "द्राक्षाच्या बियांचा अर्क आहे, मामा. रक्तवाहिन्या लवचिक राहायला थोडी मदत होते म्हणतात. पण जेवण सांभाळायला हवं."

'थोडी' आणि 'पण' हे शब्द आमच्या घरात कोणाला ऐकू येत नाहीत. जन्मभर द्राक्षं खाऊन बिया अंगणात थुंकल्या आणि आता त्याच अमेरिकेहून मागवून पाण्याबरोबर गिळायच्या, याचं मला हसू आलं. ह्यांना नाही आलं. बाटली त्यांनी भिंतीतल्या देवळीत, ठिबकच्या फिल्टरच्या चाव्या असत तिथेच ठेवली आणि मला म्हणाले, "आते काय भ्याव शे? बठ्ठ्या नळ्या साफ व्हई जातीन."

सगळ्या नळ्या साफच होणार, मग भ्यायचं कशाला? तेव्हापासून ह्यांच्या जेवणाला लगाम राहिला नाही. थंडीचे दिवस, म्हणजे शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, वरून तेलाची धार आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आमच्याकडे अशा पार्टीला नाही म्हटलं तर वर्षभर बोलणं बंद होतं. हे कोणालाच नाही म्हणत नसत. मी डोळे वटारले की खिशातली बाटली वाजवून दाखवत.

एका रविवारी सकाळी उठले आणि मूठभर गोळ्या एकदम गिळून खाटेवर आडवे झाले. दिवसभर पाण्याला शिवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, ॲसिड मुरू द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी उभ्यानं तांब्यामागून तांबे पाणी प्यायले, नळ्या धुतल्या म्हणून खूश झाले आणि बागेत गेले. बांध चढताना छातीवर हात ठेवून खाली बसले. गड्यानं बैलगाडीत घालून घरी आणलं. चेहरा घामानं भिजलेला होता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

जळगावला डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "या वेळी थोडक्यात निभावलं. पुढच्या वेळचं सांगता येणार नाही." गोळ्यांचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. रोग म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, असं मीच मोठ्यानं म्हणाले.

घरी आल्यावर ते खाटेवर पडले होते. डॉक्टरांचं ज्ञान ह्यांच्यापुढे चालत नाही हे मला कळून चुकलं होतं, म्हणून मी ह्यांचंच ज्ञान काढलं. विचारलं, "बागमा ॲसिड सोडीसन दुसरा दिन तुम्ही मोटर बंद ठेवतस का?"

"नही व. बुच उघाडीसन जोरमा मोटर चालू करनी पडस. तवय घाण भायेर निघस."

मी त्यांच्या छातीवर बोट ठेवलं. "मंग आठली मोटर काब्र बंद शे?"

इथली मोटर बंद का, हा सवाल ह्यांना बरोबर लागला. डॉक्टरांनी आठ-पंधरा दिवस विश्रांती सांगितली होती, ती झाल्यावर एके सकाळी मोटारसायकल ओसरीतच ठेवून ते पायी निघाले. गल्लीच्या टोकापर्यंत. मग हळूहळू बागेपर्यंत. भरीतही खात, पण तेलाची धार मी घालत असे आणि माझा हात आखडता होता.

वर्षभरात पोट बरंच आत गेलं. लोक विचारायला यायला लागले. हे देवळीतली बाटली काढून दाखवत. ती कधीच रिकामी झाली होती, तरी सांगत, "अमेरिकेचं औषध. नळ्या धुतल्यासारख्या स्वच्छ करतं." लोक नाव कागदावर उतरवून घेत, भाच्याचा पत्ता मागत. सकाळी ह्यांच्याबरोबर चालायला मात्र एकही आला नाही.

मी आतून चहा घेऊन येई आणि गप्प बसे. श्रेय गेलं द्राक्षाच्या बियांना, जाऊ दे. माझा माणूस माझ्यासमोर खाटेवर बसून खुशाल थापा मारत होता.