रिळावर उरलेलं नाव

परवा एडिनबराच्या घरात बऱ्याच महिन्यांनी हीटर लावला आणि धूळ जळल्याचा वास आला. केंब्रिजमधल्या आमच्या फिल्म क्लबचा जुना प्रोजेक्टर तापला की अस्साच वास यायचा.

तेव्हा मी विद्यार्थी होतो आणि शनिवारी दुपारी तिथे सिनेमे दाखवायचो. त्या शनिवारी एक म्हातारे अमेरिकन कादंबरीकार पाहुणे होते. टीव्हीवरच्या वादात भल्याभल्यांना गप्प करणारे. त्यांनी तरुणपणी लिहिलेल्या सिनेमातून स्टुडिओनं त्यांचं नाव गाळलं होतं. नव्या प्रिंटच्या शेवटी ते घालू, असा शब्द त्यांना मिळाला होता, आणि त्या दिवशी तीच प्रिंट लागणार होती; तेवढं बघायला ते आले होते.

मला हे माहीत नव्हतं. आमच्या सांगलीच्या थेटरात शेवटची नावं कुणी बघतच नसे; लोक उठायचे, दिवे लागायचे. त्याच सवयीनं मी शेवटच्या दृश्यानंतर प्रोजेक्टर बंद केला.

ते काठी टेकत माझ्यापाशी आले, सगळी कहाणी सांगितली आणि विचारलं, "पुढे नावं नव्हती?"

एवढ्या लोकांदेखत चूक कबूल करायची मला लाज वाटली. "नाही सर, प्रिंट इथेच संपते."

"म्हणजे याही वेळी नाहीच," ते म्हणाले, आणि वर माझे आभार मानून निघाले.

हॉल रिकामा झाल्यावर मी उरलेली फिल्म लावली. पडद्यावर त्यांचं नाव आलं, मोठ्या अक्षरांत.

बाहेर जिन्यावर त्यांची काठी अजून वाजत होती. मी हाक मारली नाही.