दहीसाखर कोणाच्या हातावर
दह्याचा आंबूस वास आला, की मला लेकीचं दहावीचं वर्ष आठवतं. करोनामुळे परीक्षाच रद्द झाली होती आणि मार्क नववीच्या गुणांवरून मिळणार, की आणखी कशावरून, ते कुणालाच धड सांगता येत नव्हतं. पनवेलच्या आमच्या बाल्कनीतून मी रोज तिच्या बाईंना फोन लावायचो. खाली तळोज्याच्या कंपनीची बस उभी असायची आणि माझा आवाज तिच्या हॉर्नच्याही वर. "बाई, न दिलेल्या पेपरचं रीचेकिंग कुठे मागायचं?" एकदा मी ओरडलोच. त्या थकून म्हणाल्या, "अहो, माझीही मुलगी दहावीलाच आहे. मलाही माहीत नाही." मी ओशाळून फोन ठेवला, तर मागे लेक वाटी घेऊन उभी. "बाबा, हात पुढे कर," म्हणत तिने, पेपरला निघालेल्या मुलांना देतात तशी, माझ्या तळव्यावर दहीसाखर ठेवली. "यंदा परीक्षा तुझीच चाललीय." मी ती चाटली. तिला किती टक्के पडले, ते आता मला बायकोला विचारावं लागतं. पण परवा माझा शुगरचा रिपोर्ट यायचा होता, तेव्हा सकाळीच हॉस्टेलवरून तिचा फोन आला, "बाबा, तू नुसतं दही खा. तुझ्या वाटची साखर मी इथे खाल्लीय."