सतरा तारखेचा अर्धा अध्याय

"आज तारीख किती?"

सकाळी नळावर भांडी लागली की आमच्या शेजारचे अण्णा चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत हा प्रश्न विचारायचे. उत्तर त्यांना ठाऊक असे, तरी कुणीतरी सांगायचं अशी रीत होती. मग ओट्यावर बसून ते बायबलातल्या नीतिसूत्रांचा त्या तारखेचा अध्याय मोठ्यानं वाचत. पुस्तकाचे अध्याय एकतीस. एक तारखेला पहिला, दहाला दहावा. असं कुणी तुमच्याही शेजारी राहिलं असेल तर तुम्हाला माहीत असेल, ऐकायचं नसलं तरी ऐकू येतंच.

अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्याच्या चाळीत आम्ही राहत होतो. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. मी खरवईच्या शेतकऱ्याची मुलगी. अण्णा नगरकडचे ख्रिस्ती, कारखान्यात फिटर. त्यांच्या धर्माशी चाळीला काही देणंघेणं नव्हतं, पण तारखा सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. सहाला आळशांचा समाचार असे, म्हणून माझे दीर सहाला लवकर उठत. अकराला खोट्या तराजूचा विषय, तर कोळसेवाला त्या दिवशी फिरकत नसे. उल्हासनगरच्या कॅम्पातून पापड विकायला येणारी सिंधी बाई मात्र मुद्दाम अकरालाच यायची. "अण्णा, आज तो मेरा दिन है," म्हणून तराजू त्यांच्यापुढे ठेवायची.

त्यांच्या बायकोचं, वहिनींचं, या पुस्तकाशी एकच भांडण होतं. त्या म्हणायच्या, "भांडखोर बायकोचं दर महिन्याला येतं, तेही तीनचारदा. गुणी बायकोचा अध्याय एकतिसावा, तो निम्म्या महिन्यांत येतच नाही."  अण्णा तारखेला दोष देत.

अण्णा काही देवमाणूस नव्हते. नळावर पहिली बादली त्यांचीच लागे आणि सल्ला ते न मागता देत. एकदा मी एका शेजारणीबद्दल दोन शब्द बोलायला गेले, तर म्हणाले, "उद्या सांगा. आज जिभेबद्दलचं आहे." दुसऱ्या दिवशी माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याचा राग मी बरेच दिवस धरला.

एकदा कारखान्यात रंगाची मोठी कढई जळाली आणि ठपका आमच्या ह्यांच्यावर आला. जाळ वाढवायला सांगितलं होतं मोठ्या साहेबांच्या मेहुण्यानं. ते ऐकणारे एकटे अण्णा होते. चौकशी ठरली सतरा तारखेला. नोकरी गेली असती तर खोलीही गेली असती, कारण खोली कारखान्याची होती. साहेबांच्या मेहुण्याचं नाव घेणाऱ्यालाही तोच नियम लागू पडणार, हे कुणी बोललं नाही.

सतरावा अध्यायही चाळीला पाठ. अडचणीत साथ देणाऱ्या सोबत्याबद्दल त्यात मध्ये कुठेतरी आहे, पण शेवटी तोंड मिटून बसणाऱ्याची तारीफ आहे, आणि माणसं शेवटच लक्षात ठेवतात. हे म्हणाले, "चौकशी दुसऱ्या कुठल्या तारखेला असती तर बरं झालं असतं." मला रडू येत होतं, त्यातही हसू आलं.

त्या सकाळी अण्णा नेहमीसारखे वाचायला बसले. सोबत्याची ओळ आली, ती वाचली आणि पुस्तक मिटलं. अर्ध्यावर सोडलेला अध्याय आम्ही कधी पाहिला नव्हता. वहिनी दारातून म्हणाल्या, "पुढचं राहिलं की."

"पुढचं संध्याकाळी," अण्णा म्हणाले. टोपी घातली आणि कामावर गेले.

संध्याकाळी हे आले, खाली बसले आणि म्हणाले, "मी राहिलो. अण्णांना काढलं."

मला काय करावं सुचेना. मी शिरा केला आणि वाटी घेऊन शेजारी गेले. अण्णांनी तो खाल्ला, वेलदोडा जास्त झालाय म्हणाले, आणि हात धुऊन गप्प बसण्याबद्दलचा उरलेला अध्याय मोठ्यानं वाचून काढला. एक शब्द गाळला नाही. वहिनी भांडी पोत्यात भरत होत्या.

त्या आठवड्यातच त्यांनी खोली सोडली. सामानाची हातगाडी ह्यांनी स्वतः स्टेशनापर्यंत ओढली, मी मागून चालत होते. कर्जतकडची गाडी उशिरा होती आणि ह्यांची पाळी सुरू व्हायला आली होती. हे फलाटावर घुटमळत राहिले. अण्णांनी त्यांना खांद्याला धरून वळवलं. "निघा आता. उशीर झाला तर त्यांना निमित्तच हवंय."

गाडी सुटेपर्यंत थांबायचंसुद्धा ह्यांना जमलं नाही. मी एकटीच उभी होते. आभार कसे मानायचे याचा मी रस्ताभर विचार केला होता, आणि ऐनवेळी मी त्यांचं सामान मोजत राहिले. गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीतून वाकले.

"पोहोचले असतील ना वेळेवर?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मला तरी कुठे माहीत होतं.