ताईची लाल दोरी

माझी ताई स्वयंपाकघरात गरम पातेलं घेऊन वळली तरी आधी ओरडते, "वळतेय!" पाहुणे दचकतात. आम्ही घरचे मुकाट्याने पाय आत घेतो. एकतीस वर्षं ती धरणाच्या जलाशयावर मोटरबोट चालवते आहे आणि वळण्याआधी बोटीतल्या माणसांना सांगायचं, हा तिचा पहिला नियम आहे. दुसरा नियम म्हणजे बोटीच्या काठावर कोणी बसायचं नाही. एकदा पलीकडच्या शाळेचे मुख्याध्यापक ऐटीत काठावर बसले. ताईने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "सर, काठावर बसलेला माणूस माणूस नसतो, सामान असतं. आणि सामान पडतं." ज्यांना बघून अख्खी शाळा चळाचळा कापते, ते सर निमूट खाली बाकावर बसले.

त्या बोटीचं इंजिन मी सांभाळतो. माझा हात चांगला आहे. हे मलाच सांगावं लागतं, कारण ताई सांगत नाही. उलट रोज सकाळी ती इंजिन सुरू करते, पायाला बांधलेली लाल दोरी हिसडते, इंजिन बंद पडलं की मान हलवते आणि मग पुन्हा सुरू करते. दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक क्लिप असते, ती इंजिनाच्या खटक्यात बसवलेली असते. चालवणारा पाण्यात पडला की दोरी ताणली जाते, क्लिप निघते आणि इंजिन थांबतं. एवढं साधं काम. मी इंजिन कितीही चोख करून दिलं तरी तिचा तो हिसडा काही चुकत नाही. बघणारे मला चिडवायचे, "बहिणीचाच तुझ्यावर विश्वास नाही रे!" मी त्यांच्यावर खेकसायचो. पण तो हिसडा का आहे, हे मला चांगलं माहीत होतं. सव्वीस वर्षं ते एकट्या मलाच माहीत आहे, अशी माझी समजूत होती.

तेव्हा मी नवा नवा मेकॅनिक होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. ती क्लिप झिजली होती. जरा लाट लागली की निघायची आणि बोट भर पाण्यात ठप्प व्हायची. लोक म्हणायचे, मेकॅनिकचं काम कच्चं आहे. मला राग आला आणि मी ती क्लिप खटक्यावर तारेने घट्ट आवळून टाकली, वर काळा कागद चिकटवला. नवी क्लिप मागवायला आठ दिवस लागले असते. दुसऱ्याच दिवशी ताईने भरधाव वेगात गर्रकन वळण घेतलं. तीही तेव्हा तरुण होती आणि तिच्याही अंगात रग होती. बोट आपल्याच मागच्या लाटेवर आदळली आणि ताई बाहेर फेकली गेली. दोरी तुटली, पण क्लिप जागची हलली नाही.

रिकामी बोट सरळ निघून जाते, असं लोकांना वाटतं. ती जात नाही. ती गोल फिरते आणि जिथे माणूस पडला तिथेच परत येते. तीन वेळा ती ताईच्या अंगावर आली आणि तिन्ही वेळा ताईने खाली बुडी मारली. चौथ्या फेरीला बोट लव्हाळ्यात घुसली. ताईच्या खांद्यावर इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याचा लांब ओरखडा आहे, अजून दिसतो. त्या संध्याकाळी मी गपचूप जाऊन तार काढली, पाण्यात फेकली आणि कोणाला काही बोललो नाही. माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

आता गेल्या महिन्यात ताईला विभागाचं पत्र आलं. पंचावन्न वर्षांवरच्या चालकांनी वेगातल्या वळणांची परीक्षा पुन्हा द्यायची. नापास झालं तर निवृत्तीपर्यंत धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत बसायचं. ताईने पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "खिडकीत बसून मी मरेन." ती हे गमतीने म्हणाली नव्हती.

परीक्षेत बोटीत एक माणूस सोबत न्यायचा होता. तिने मला नेलं. बोट परीक्षकांनी आणलेली, नवीकोरी होती. ताईने दोरी पायाला बांधली, इंजिन सुरू केलं आणि हिसडा दिला. इंजिन चालूच राहिलं. ती वाकली. क्लिपवर चिकटपट्टीचे चार वेढे होते.

"ते तसंच असू द्या," बोटीच्या काठावर बसलेले परीक्षक म्हणाले. "दिवसभर सारखं बंद पडतं. सगळेच असं करतात."

"मी नाही करत," ताई म्हणाली. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "भाऊ, काढ ती पट्टी."

"विभागाच्या बोटीला हात लावलात तर इथेच नापास करीन. आणि तुमची वेळ सुरू झालीय."

ताईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर पाण्याकडे बघत बसली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी पट्टी काढली तर ती तिकीट खिडकीत जाणार आणि नाही काढली तर ती जागची हलणार नव्हती. शेवटी मी पक्कड घेतली, चारही वेढे कापले आणि क्लिप मोकळी केली. ताईने इंजिन सुरू करून हिसडा दिला. इंजिन थांबलं.

"हां," ती म्हणाली. "साहेब, आता खाली बाकावर बसा. मधोमध. नापास करायचं ते परत आल्यावर करा, पण परत यायला तर हवं ना!"

साहेब लाल झाले, पण बसले.

मग ताईने जे केलं ते मी तासभर बघत बसलो असतो. दोन नारिंगी पिंपांना वेढा घालायचा होता. तिने मागे, डावीकडे, उजवीकडे पाहिलं, "वळतेय!" म्हणून ओरडली, वळणाच्या आधीच रेस थोडी कमी केली आणि स्टिअरिंग हळूहळू फिरवलं. वळणाच्या मध्यात रेस झटकन सोडली की नाक पाण्यात घुसतं. म्हणून तिने ती तशीच धरून ठेवली आणि बोट सरळ झाल्यावरच वाढवली. दुसऱ्या पिंपाशी आमचीच लाट आडवी आली. ताईने वेग उतरवला आणि लाट तिरपी घेतली. तरी दणका बसलाच. साहेबांचं पेन पाण्यात गेलं. साहेब बाकावरच राहिले.

धक्क्याला लागल्यावर त्यांनी माझं पेन मागून घेतलं आणि कागदावर 'उत्तीर्ण' लिहिलं. मग जरा नरमाईने विचारलं, "बाई, त्या क्लिपचं एवढं काय?"

ताई काही बोलायच्या आत माझ्याच तोंडून निघून गेलं. "सव्वीस वर्षांपूर्वी मी तिच्या बोटीची क्लिप तारेने बांधली होती. ती पडली, तेव्हा इंजिन थांबलं नाही." ताईकडे बघायची माझी हिंमत होईना.

"मला माहितीये," ती पायाची दोरी सोडत म्हणाली. "लव्हाळ्यात बोटीवर चढले ना, तेव्हाच बघितलं मी. वरचा कागद भिजून सुटला होता आणि तारेचा पीळ उलटा होता. आपल्याकडे डावखुरा दुसरा कोण आहे?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू पुन्हा इंजिनाला हात लावला असतास का?" तिने लाल दोरीची नीट गुंडाळी करून माझ्या हातात दिली. "आणि आजची पट्टी काय, मलाही काढता आली असती."