ठाकोरजींसमोर ठेवलेलं पाकीट

रात्रभर पडून बर्फ पहाटे थांबला होता, आणि शिकागोवर डोळे दिपवणारं, पण अंगाला न लागणारं ऊन पडलं होतं. कुंदनबेन नवऱ्याचा जुना कोट चढवून दारच्या पायऱ्या मोकळ्या करत होत्या. फावडं अर्धंच भरायचं, हा नियम त्यांनी चार वर्षांपूर्वी लावून घेतला होता. तोही उशिराच.

"मासी, ठेवा ते! पडलात तर माझ्याच कागदांत नोंद करावी लागेल," फाटकातून फाल्गुनी ओरडली.

हिंदुस्तान-पाकिस्तानातून इकडे आलेल्या माणसांची काळजं इतरांपेक्षा लवकर का थकतात, याचा शोध घेणाऱ्यांपैकी ही पोरगी. वर्षातून एकदा प्रश्न घेऊन यायची. या शोधात नाव घालायला कुंदनबेन आणि त्यांचे यजमान जशवंतभाई यांनी देवळाच्या सभागृहातच सह्या केल्या होत्या. "तपासणी फुकट, वर नाश्ता. गुजराती माणूस नाही म्हणेल?" जशवंतभाई म्हणाले होते.

चहा झाला. प्रश्न सुरू झाले.

"तूप किती, मासी?"

"एक चमचा."

"दाखवा बघू चमचा."

कुंदनबेननी दाखवला.

"ही तर पळी आहे!"

"बरं बाई, तीन लिही."

दोघी हसल्या. मग फाल्गुनीनं दुसरा कागद काढला. "भाईंच्या फायलीत एक रकाना कोराच राहिलाय. त्यांच्या छातीच्या तपासणीचं पत्र आम्ही पाठवलं होतं. ते पोचलं का?"

कुंदनबेन कप विसळायला उठल्या.

"विचारते कारण रुपलबेन," फाल्गुनी खालच्या आवाजात म्हणाली. "गेल्या महिन्यात दुकानात सगळ्यांदेखत म्हणाल्या, 'दहा वर्षं माझ्या बापाचं रक्त काढलंत, आणि एका शब्दानं सांगितलं नाहीत.' खरंच आमची चूक असेल तर मला वरच्यांना सांगावं लागेल."

'नाही पोचलं' एवढं म्हटलं की झालं असतं. लेकीला तर तेच सांगून ठेवलं होतं. नळ वाहत राहिला. मग तो बंद करून कुंदनबेन देवघरापाशी गेल्या आणि ठाकोरजींच्या, बाळकृष्णाच्या मूर्तीच्या, गादीखालून पाकीट काढून आणलं. कोपऱ्यावर कुंकवाचं बोट होतं.

या घरात मोठा कागद आला की आधी ठाकोरजींसमोर जायचा. व्हिसाचा, घराचा, रुपलच्या नोकरीचा, सगळे तसेच गेले. हा आला तेव्हा रुपलचं लग्न अकरा दिवसांवर होतं. पाकीट जाडजूड, दवाखान्याचा शिक्का. मंगल कार्य पार पडू दे, मग बघू, म्हणून कुंदनबेननी ते न उघडताच गादीखाली सारलं. जशवंतभाईंना बोलल्याही नाहीत. लग्न थाटात झालं. नंतर पाहुणे राहिले, आणि पाकीटही राहिलं. लग्नानंतर नवव्या दिवशी पाहुण्यांची गाडी काढायची म्हणून जशवंतभाई बर्फ उपसायला गेले, ते तिथंच पडले, परत उठलेच नाहीत.

"वाचलंत कधी?"

"तेराव्याला. शब्दकोश घेऊन. बाकी नुसते आकड्यांचे कागद, मजकूर आठच ओळी गं. याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा, तोवर जड काम करू नका." त्या खुर्चीवर टेकल्या. "ठाकोरजींनी वाचलं असेल आधीच. पण त्यांनी डॉक्टरला कसं बोलवावं?"

फाल्गुनीनं रकान्यात 'हो' लिहिलं.

"रुपलबेनची तपासणी व्हायला हवी, मासी. बापाचं रक्त आहे. पण आमचं नाव काढलं तरी त्या भडकतात."

"माझ्यामुळे."

कुंदनबेननी फोन ओढला आणि लेकीला लावला.

"बा? इतक्या सकाळी? पडलीस का?"

"नाही. ऐक. तुझ्या बापूंचं पत्र आलं होतं. तुझ्या लग्नाआधी. मी देवाजवळ ठेवलं. उघडलं नाही."

पलीकडे तान्ह्याचं रडणं ऐकू येत होतं.

"आणि मला म्हणालीस आलंच नाही?"

"हो."

"मी त्या फाल्गुनीला काय काय बोलले, बा! चार वर्षं..."

"मला बोल आता. पण आधी छाती तपासून घे. या आठवड्यातच. लग्नकार्य, बारसं, काही असो."

पलीकडून फोन कट झाला.

"येतील त्या तपासणीला," फाल्गुनी कोट चढवत म्हणाली.

"येईल किंवा नाही येणार. तू जपून उतर, खालच्या दोन पायऱ्या राहिल्यात."

ती गेल्यावर कुंदनबेननी पाकीट परत गादीखाली नाही ठेवलं, टेबलावरच राहू दिलं. कोटाची बटणं लावली, मिठाची बादली घेतली आणि राहिलेल्या पायऱ्यांवर बर्फ वितळावा म्हणून मूठमूठ मीठ टाकू लागल्या.