वाळलेलं जांभूळ

मी आराखडा काढलेल्या एका इमारतीची भिंत मध्येच आत वळते. त्या खाचेत जांभळाचं झाड आहे. आज तिथून जाताना दिसलं, तिथे राहणाऱ्या कुंदाताई खिडकीतून हात लांबवून जांभळं तोडत होत्या.

नकाशावर झाड म्हणजे नुसता एक गोल. तो आड आला की पुढे ‘वाळलेले’ लिहायचं, तोडायची परवानगी लवकर मिळते. हिरवीगार झाडं मी अशी वाळवली आहेत; कधी कुणाला बोललो नाही. याच्यापुढेही तेच लिहिलं होतं.

इमारत बांधण्याआधी, पुनर्विकासाच्या सभेत कुंदाताईंनी ते वाचलं. “वाळलेलं? मग हे काय?” म्हणत त्यांनी जांभळी जीभच दाखवली.

बिल्डर म्हणाला, “भिंत वळवली तर खर्च वाढेल, आणि खोली तुमचीच लहान होईल.”

“होऊ दे.”

“कपाट कुठे ठेवाल?” शेजारच्या नानांनी टोमणा मारला.

“फांदीला टांगीन.”

झाडं वाचवायचे नियम सुधारतात, चांगलंच आहे. पण कुणीतरी आपल्या घरातून जागा दिली, म्हणून हे झाड उरलं.

“साहेब, वर या,” आज मला पाहून कुंदाताईंनी खिडकीतून हाक मारली आणि माझी ओंजळ भरली. घरी येऊन आरशात पाहिलं. जीभ जांभळी झाली होती. आता लपवण्यात अर्थ नव्हता.