लाइट गेली तेव्हाचा आवाज

पुलगावात मध्यंतरी असं कुजबुजलं जायचं, की सदाशिवरावांच्या तोंडातलं त्यांच्या धाकट्या पोराचं नाव थोरल्या सुनेनं कापून घेतलं. सदाशिवरावांची बहीण कमलाबाई हीच गोष्ट सांगायची तेव्हा त्यात कात्रीसुद्धा असायची. कम्प्युटरच्या पडद्यावर कात्रीचं बारीकसं चित्र असतं, ते बाईंनी कधीतरी पाहिलं होतं. कमलाबाईंना एवढा पुरावा चिक्कार होतो. पुष्कळदा तर एवढाही लागत नाही.

ही थोरली सून म्हणजे मेघा. लग्न, वाढदिवस, कुणी गेल्यावरचं पुण्यानुमोदन, गावात काहीही असो, त्याचा व्हिडिओ मिक्सिंगला तिच्याकडे यायचा. घराची रस्त्याकडची खोली हेच तिचं दुकान. दाराशी बोर्ड, आत कम्प्युटर, भिंतीवर नवरा-नवरीचे फोटो, त्यातली दोन जोडपी आता एकमेकांशी बोलतही नाहीत. पाठवणीच्या वेळी कोण खरं रडलं आणि कोण कॅमेरा पाहून रडलं, हे या बाईला जितकं माहीत होतं तितकं मलाही नव्हतं, आणि शेजारी राहून माझा तर जन्म अशा गोष्टी जमवण्यातच गेला. पण ती सांगायची नाही. मी चहा पाजून पाहिला. चहा पिऊन घ्यायची आणि हसायची.

तिचा नवरा अमर मोठा सज्जन. घरात बोलायची वेळ आली की तो चप्पल शोधायला लागतो. धाकटा रोशन त्याच्या उलट. त्याला त्या खोलीत मोबाइलचं दुकान टाकायचं होतं आणि हे त्यानं वहिनी सोडून सगळ्या गावाला सांगितलं होतं. खोली कुणाची, यावर सदाशिवराव वर्षानुवर्षं काही बोलले नाहीत. मिलमध्ये मागांच्या खडखडाटात उमर काढलेला माणूस, पण बोलणार असं की शेजारच्यानं कान पुढे करावा. पोरं धाकात राहतात ती बापाच्या मारानं नाही, अशा मुकेपणानं.

मग धाकटी लेक वर्षालीचं लग्न ठरलं. आमच्याकडे मंगल परिणय आटोपला की घरचा वडीलधारा माइकवर दोन शब्द बोलतो. सदाशिवरावांनी आधीच सांगून ठेवलं, खोलीचं जे काय आहे ते त्या दिवशी चार माणसांत बोलीन. त्यामुळे त्या दिवशी निम्मे पाहुणे वर्षालीसाठी आले होते आणि निम्मे खोलीसाठी.

शूटिंगला मेघानं माणूस लावला होता, कारण ती स्वतः घरची सून, पंगतीत वाढत होती. फक्त व्हिडिओच्या आवाजासाठी सासऱ्याच्या कॉलरला वेगळा छोटा माइक तिनं स्वतःच्या हातानं लावून दिला आणि तो त्यांच्या खिशातल्या मोबाइलला जोडला. सदाशिवराव उभे राहिले, सर्वांचे आभार मानले, आणि लाइट गेली. स्पीकर बंद. जनरेटरवाला जेवायला बसला होता आणि त्याच्या पानात नुकतीच बुंदी पडली होती, तेव्हा तो उठणं शक्य नव्हतं. दुसरा कोणी थांबला असता. सदाशिवराव आपल्या त्या कान-पुढे-करा आवाजात बोलत राहिले, संपवलं आणि बसले. समोरच्या रांगेतल्या एका काकांनी ‘मेघा’ ऐकलं. कमलाबाईंनी ‘रोशन’ ऐकलं. पंगतीत तर फक्त वरण ऐकू येत होतं. नंतर विचारलं तर म्हातारा म्हणाला, “सांगतलं न एकडाव. व्हिडिओत पाह्यजा.”

व्हिडिओ तयार व्हायच्या आतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता खोलीचा निकाल फक्त त्या व्हिडिओत होता.

मेघानं तो मिक्स केला आणि घाईत सगळा न पाहताच घरच्या टीव्हीवर लावला. सगळे बसले. हार घालताना आवाज मधेच गेला, आत्याबाईंच्या, म्हणजे कमलाबाईंच्या, आशीर्वादात गेला. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, आत्याबाईंच्या वेळी तर बरंच वाटलं. मग सदाशिवराव पडद्यावर आले. “रस्त्याकडची खोली...” म्हणाले, आणि पुढे नुसते ओठ हलले. आवाज परत आला तो थेट “सुखानं राहा” वर.

रोशननं विचारलं, “वहिनी, आवाज कुठी गेला?”

“लाइट गेलती न तवा,” मेघा म्हणाली.

सगळ्यांना पटलं. आमच्याकडे दूध नासलं तरी लाइट गेली म्हणून नासलं असं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. फक्त पलंगावर पडलेल्या सदाशिवरावांनी डावा हात पलंगाच्या पाटीवर आपटला. पुन्हा आपटला. लोकांनी त्यांना पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा दुसऱ्या ऑर्डरसाठी त्याच माइकचे सेल बदलत होती, आणि सेल हातात धरून तशीच बसली. माइक सेलवर चालतो. ज्या मोबाइलमध्ये आवाज भरला तो बॅटरीवर चालतो. लाइट गेल्यानं दोघांचं काय बिघडणार होतं? आपण काल सगळ्यांसमोर भलतंच बोलून बसलो.

तिनं हेडफोन बदलून पाहिला. वायर बदलली. व्हिडिओ नव्यानं बाहेर काढला. आवाज त्याच जागी जात होता. मग तिनं मूळ रेकॉर्डिंग एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न घेता साध्या प्लेअरवर लावलं, आणि त्या जागी आवाज तुटत नाही एवढं कळताच, पुढचं ऐकायच्या आत, बिघाड शोधायला बंद केलं. भोक रेकॉर्डिंगमध्ये नव्हतं, सॉफ्टवेअरमध्ये होतं. ते सॉफ्टवेअर काम भराभर व्हावं म्हणून आवाजाची एक नक्कल करून कम्प्युटरमध्ये ठेवतं. सीझनची सगळी लग्नं डिस्कमध्ये कोंबलेली. नक्कल करता करता जागा संपली आणि ती जागोजागी मुकी राहिली. मेघानं जुनी लग्नं दुसऱ्या डिस्कवर हलवली, ती नक्कल पुसली आणि नवी होऊ दिली. पडद्यावर जिथं सपाट रेघ होती तिथं आवाजाचे डोंगर उठले. मग तिनं दार लोटून घेतलं आणि सासऱ्याचं बोलणं पुरतं ऐकलं.

“रस्त्याकडची खोली रोशनले. मेघाचं काय, तिचं कम्प्युटर सैपाकाच्या खोलीतबी मांडता येते. सगळे सुखानं राहा.”

संध्याकाळी तिनं अमरला ऐकवलं. त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “तू लाइट गेलती म्हनून सांगतलं न? तेच राहू दे. कोनाले समजते?”

“बाबा पलंगावर हात आपटून राह्यले,” मेघा म्हणाली. “त्यायची वाचा गेली. राह्यलेला आवाज मी खाऊ का?”

अमर चप्पल शोधायला लागला.

तिनं पुन्हा सगळ्यांना बसवलं आणि व्हिडिओ लावला. तो संपल्यावर मला वाटलं होतं, निदान रोशन तरी मान खाली घालील. मी मुद्दाम समोरच्या खुर्चीवर जागा धरली होती. रोशन म्हणाला, “वहिनी, परवा तं लाइट गेलती म्हनत होती. आज आवाज कुठून आला?”

मेघा समजावू लागली. नक्कल, डिस्क, भरलेली जागा. ती जेवढं नीट सांगत होती तेवढं ते बनवलेलं वाटत होतं. कमलाबाईंनी शेवटी निवाडा दिला, “लपवून ठेवलेली वस्तू ठेवनाऱ्यालेच सापडते. भेव लागलं म्हनून काढली.” कोणी हसलं नाही, म्हणजे पटलं.

सदाशिवरावांनी डाव्या हातानं खूण केली, पुन्हा लाव. मेघानं पुन्हा लावलं. आपलं वाक्य आलं तसा म्हातारा निवांत झाला, मान हलवली. सुनेकडे पाहिलं नाही. त्या दिवसापासून जेवण झालं की त्यांना ते ऐकायचं असतं, आणि लावून द्यायला घरात दुसऱ्या कुणाला जमत नाही.

आता रस्त्याकडच्या खोलीत रोशन मोबाइलची कव्हरं विकतो. मेघाचं कम्प्युटर सासऱ्याच्या शब्दाप्रमाणे गॅसच्या ओट्याशेजारी आहे. पडद्यावर फोडणीची चिकट साय धरते. गिऱ्हाइकाला घरातून, म्हाताऱ्याच्या पलंगाजवळून, चुलीपर्यंत जावं लागतं. नवे नवरे लाजतात, आणि स्टँडजवळ दुसरं एक मिक्सिंगवालं दुकान निघालं आहे, तिकडे वळतात. कमलाबाई मात्र नातवाचे व्हिडिओ हिच्याकडूनच करून घेतात आणि जाताना सांगतात, “माहा आवाज कापू नको बरं.” मेघा चहा ठेवते. आता हसत नाही.

मेघानं नाव कापलं नव्हतं. डिस्क भरली म्हणून आवाज गेला होता. तो तिनं शोधला, पूर्ण ऐकला आणि खोली जाणार हे कळल्यावरही परत लावला.